लेयर शेवटच्या धड्यात नकोत, पहिल्या धड्यात हवेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : छायाचित्र-संपादनाच्या लेखमालेतील लेयरचे स्थान

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणकावर छायाचित्रे कशी दुरुस्त करावीत हे शिकवणारी जी लेखमाला सुरू आहे, तिच्या प्रत्येक भागाचे कात्रण मी जपून ठेवले आहे. लेखकाची भाषा स्वच्छ आहे आणि कुठल्या आज्ञेने काय होते हे ते नेमके सांगतात, म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी ही लेखमाला आवर्जून वाचायला देते. मात्र गेल्या रविवारी पुढील भागांची जी यादी आपण छापली, तिच्यात लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर, हा विषय शेवटून दुसऱ्या भागात, ‘प्रगत तंत्रे’ या मथळ्याखाली ठेवलेला पाहिला आणि हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. लेयर ही छायाचित्र-संपादनाची शेवटची पायरी नसून त्याचा पाया आहे, आणि तो आधी न घालता उजेड-अंधार, रंग, डाग काढणे हे सारे शिकवले, तर शिकणाऱ्याला ज्या सवयी लागतात त्या पुढे मोडणे फार कठीण जाते, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

मी शाळेत जवळपास तीस वर्षे चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर संगणकावर छायाचित्रे सुधारायला शिकले आणि आता आठवड्यातून दोन दिवस मोजक्या लोकांना ते शिकवते. त्यांत शाळकरी मुले आहेत आणि साठी ओलांडलेली माणसेही आहेत.

मी स्वतः शिकले ती आपल्या लेखमालेच्याच क्रमाने. आधी चित्र कापणे, मग उजळपणा आणि कॉन्ट्रास्ट, मग खोडरबर म्हणजे इरेझर, मग चित्राच्या एका जागेचा नमुना दुसऱ्या जागी उमटवणारा क्लोन स्टॅम्प. एवढ्या शिदोरीवर मी माझ्या वडिलांच्या एका जुन्या छायाचित्राची दुरुस्ती हाती घेतली. छापील प्रत एका नातेवाइकांकडून मागून आणली होती आणि तिच्यावर डाव्या गालातून हनुवटीपर्यंत घडी पडलेली होती. चार संध्याकाळी बसून, थेट त्या छायाचित्रावरच क्लोन स्टॅम्प चालवून, मी ती घडी बुजवली, आणि दर संध्याकाळी त्याच नावाने त्याच जेपेग फाइलवर ते जतन केले. आठवड्याने दिवसाच्या उजेडात पाहिले तेव्हा लक्षात आले की घडी बुजवताना डोळ्याखालची रेषही बुजली आहे आणि चेहऱ्याचा भाव बदलला आहे. मागे जायला वाट नव्हती. स्कॅन केलेली मूळ फाइल मीच पुसून टाकली होती आणि पुढे काही महिन्यांनी ती छापील प्रतही ओल लागून खराब झाल्याचे कळले. आज माझ्याकडे वडिलांचा जो चेहरा आहे, त्याच्या डाव्या गालाचा काही भाग उजव्या गालावरून उचललेला आहे.

हे सांगण्याचे कारण असे की तो अपघात टाळायला काही मोठी विद्या लागत नव्हती. छायाचित्राच्या वर एक कोरा, पारदर्शक लेयर घ्यायचा, डाग बुजवणारा हीलिंग ब्रश किंवा क्लोन स्टॅम्प निवडायचा, वरच्या पट्टीत ‘सॅम्पल’ या शब्दापुढे चालू लेयरऐवजी सगळे लेयर किंवा चालू व खालचे लेयर असा पर्याय घ्यायचा, आणि मग घडीवर ब्रश फिरवायचा. ब्रश खालच्या छायाचित्रातून नमुना घेतो, पण रंग वरच्या कोऱ्या लेयरवर उमटवतो. दुरुस्ती वर राहते, छायाचित्र खाली जसेच्या तसे राहते. लेयरच्या यादीतले डोळ्याचे चिन्ह दाबले की दुरुस्ती नाहीशी होते, पुन्हा दाबले की परत येते, आणि डोळ्याखालची रेष बुजली आहे का हे तेव्हाच्या तेव्हा कळते. दोन मिनिटांत सांगून होणारी ही गोष्ट आहे. फक्त ती आधी सांगायला हवी.

लेयर म्हणजे काय हे समजावताना पारदर्शक कागदांची चळत डोळ्यांपुढे आणण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. पण आपल्या वाचकांसाठी याहून जवळचे उदाहरण त्यांच्या हातातच असते. वर्तमानपत्राचे रंगीत पान निळसर सायन, गुलाबीसर मजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शाईंनी, चार वेगवेगळ्या प्लेटांवरून, एकावर एक छापले जाते. त्यातली एखादी प्लेट केसभर सरकली की चेहऱ्याच्या कडेला रंगीत किनार दिसू लागते, आणि तेव्हा वाचकाला प्रथमच जाणवते की आपण एक चित्र पाहत नव्हतो, एकमेकांवर नेमक्या बसलेल्या चार चित्रांची बेरीज पाहत होतो. हीच जाणीव लेयर शिकताना व्हावी लागते. पडद्यावर दिसणारे चित्र ही वरून खाली पाहिल्यावर मिळणारी बेरीज असते, आणि तिचे प्रत्येक पद वेगळे उचलता, झाकता, हलवता येते. शिकणाऱ्याच्या मनात एकदा हे बसले की पुढची प्रत्येक आज्ञा त्याला ‘हे कोणत्या लेयरवर करायचे’ या प्रश्नासह कळते. हा प्रश्न विचारण्याची सवय लावणे, एवढेच पहिल्या धड्याचे काम आहे.

मास्कबद्दल थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी असावी, कारण लेयरचे अर्धे सामर्थ्य तिथे आहे आणि बहुतेक शिकवणुकीत त्याला एखाद्या परिच्छेदावर भागवले जाते. नवशिक्याला वरच्या लेयरमधला नको असलेला भाग काढायचा असतो. त्याला इरेझर माहीत असतो, म्हणून तो खोडतो. फोटोशॉपमध्ये तळाच्या ‘बॅकग्राउंड’ लेयरवर इरेझर चालवला तर तिथे पारदर्शकता येतच नाही, मागचा निवडलेला रंग लागतो. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्येही, उघडलेल्या जेपेगला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची नोंद ठेवणारा भाग, जोडलेला नसेल तर तसेच होते, आणि शिकणारा गोंधळून जातो. त्या अडचणीतून तो सुटला तरी खोडलेले ते गेलेच. उद्या केसांची एक बट जास्त खोडली गेली असे वाटले, तर ती परत आणायची कुठून? मास्क खोडत नाही, झाकतो. लेयरला जोडलेले ते दुसरे, फक्त काळ्या-पांढऱ्या-करड्या छटांचे चित्र असते: जिथे मास्क पांढरा तिथे लेयर दिसतो, जिथे काळा तिथे लपतो, आणि मधल्या करड्या छटांत तितक्या प्रमाणात विरळ होतो. आठ बिटच्या मास्कमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या मिळतात, म्हणून धुके, विरत जाणारी सावली, केसांची कड अशा ज्या गोष्टींना ठाम सीमारेषाच नसते, त्या मास्कने नीट सांभाळता येतात. जास्त झाकले गेले तर पांढऱ्या ब्रशने पुन्हा उघडायचे. कीबोर्डवरच्या ‘डी’ या कळीने काळा-पांढरा हे रंग हाताशी येतात आणि ‘एक्स’ने त्यांची अदलाबदल होते, या दोन कळा मी पहिल्याच दिवशी पाठ करून घेते.

चित्रकलेच्या वर्गात आम्ही स्टेन्सिल वापरत असू. जलरंगात पांढरा भाग राखायचा असेल तर त्यावर आधी मास्किंगचा द्रव लावून, वरून निर्धास्तपणे वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, देऊन, शेवटी तो थर बोटाने चोळून काढत असू. ज्याने हे एकदा केले आहे त्याला संगणकावरचा मास्क समजायला वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे. ज्याने केलेले नाही त्याच्यासाठी मी एकच सराव देते. एकाच छायाचित्राच्या दोन प्रती एकावर एक ठेवायच्या, वरची कृष्णधवल करायची, तिला मास्क लावायचा आणि मास्कवर काळ्या मऊ ब्रशने एखाद्या वस्तूचा आकार रंगवायचा. करड्या चित्रात ती वस्तू रंगीत होऊन उमलते. रंग कुणी भरला नाही, तो खाली होताच, फक्त वरचे झाकण तेवढ्या जागी बाजूला झाले, हे शिकणाऱ्याच्या ध्यानात येते तो क्षण मला आजही फार मोलाचा वाटतो.

याच सरावात सगळ्यांची हमखास होणारी एक चूक होते. लेयरच्या पट्टीत चित्राची लहान प्रतिमा आणि मास्कची लहान प्रतिमा शेजारी-शेजारी असतात, आणि ज्या प्रतिमेभोवती चौकट असते तिच्यावर ब्रश चालतो. चौकट चित्राभोवती असताना ब्रश चालवला की छायाचित्रावरच काळा डाग पडतो. ‘मास्क चालत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांची अडचण एवढीच असते. फोटोशॉपमध्ये ऑल्ट कळ दाबून मास्कच्या प्रतिमेवर क्लिक केले तर मास्क स्वतः पूर्ण पडद्यावर दिसतो, आणि काठाला राहून गेलेले ठिपके, ब्रशच्या सुटलेल्या जागा लख्ख दिसतात. शिफ्ट दाबून क्लिक केले तर मास्क तात्पुरता बंद होतो. पाठ्यपुस्तकी मांडणीत अशा गोष्टी तळटीपेत जातात. शिकवताना मात्र त्यांनीच निम्मा वेळ वाचतो.

ब्लेंड मोड, म्हणजे वरचा लेयर खालच्यात कसा मिसळावा याची निवड, हा भाग अनेकांना जादूसारखा वाटतो, आणि म्हणून ते यादीतला एकेक मोड लावून बघत बसतात. त्यामागे साधा गुणाकार आहे हे सांगितले तर भीती जाते. आठ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाची तेजस्विता ० ते २५५ अशी मोजतात. समजा, वरच्या लेयरवर एका बिंदूची किंमत २०० आहे आणि खालच्यावर त्याच जागी १०० आहे. वरच्याची ओपॅसिटी म्हणजे अपारदर्शकता ५० टक्के केली तर दोहोंची सरासरी म्हणजे १५० दिसेल. ओपॅसिटी पूर्ण ठेवून मल्टिप्लाय हा मोड लावला तर फोटोशॉप २०० आणि १०० यांचा गुणाकार करून २५५ने भागते, आणि उत्तर सुमारे ७८ येते, म्हणजे दोन्हींपेक्षा गडद. स्क्रीन हा मोड हेच गणित उलट्या बाजूने करतो आणि उत्तर सुमारे २२२ येते, दोन्हींपेक्षा उजळ. यावरून पुढचे आपोआप कळते: मल्टिप्लायमध्ये पांढरा रंग नाहीसा होतो, कारण २५५ने गुणून २५५ने भागले तर खालची किंमत तशीच राहते. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढलेले चित्र स्कॅन करून मल्टिप्लायवर ठेवले की कागद विरून जातो आणि फक्त रेषा उरते; खालच्या लेयरवर रंग भरत जावे, रेषेला धक्का लागत नाही. पारदर्शक जलरंगाच्या एका वाळलेल्या वॉशवर दुसरा वॉश दिला की रंग नेहमी गडदच होत जातो, तेच हे. सावल्याही याच मोडवर टाकाव्यात, कारण सावली जमिनीला झाकत नाही, जमिनीवरचा उजेड कमी करते. बाकीचे मोड पुढे गरजेप्रमाणे शिकता येतात. हे दोन आणि गडद भाग आणखी गडद व उजळ भाग आणखी उजळ करणारा ओव्हरले, एवढ्यांवर नवशिक्याचे पहिले वर्ष सहज निघते.

लेयर ‘प्रगत’ का नव्हेत याला इतिहासाचाही आधार आहे. एकापेक्षा अधिक चित्रे जोडून एक चित्र करण्याची गरज छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेपासूनची आहे. १८५०च्या दशकातल्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्यामुळे समुद्र नीट येई तेव्हा आकाश कोरे पडे, म्हणून फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी आकाशाची एक आणि समुद्राची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून एक छायाचित्र छापले. १८५७ मध्ये छायाचित्रकार ऑस्कर रेलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह एकाच छायाचित्रात, प्रत्येक वेळी उरलेला भाग झाकून, छापल्या होत्या. तो झाकलेला भाग म्हणजे मास्कच. संगणकावर या झाकण्याचे गणित १९७०च्या दशकाच्या अखेरीस अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांच्या अल्फा चॅनलच्या कल्पनेतून आले आणि १९८४ मध्ये थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी चित्रे एकमेकांवर ठेवण्याचे नियम पद्धतशीर मांडले.

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली आली तेव्हा तीत लेयर नव्हते. चिकटवलेला तुकडा निवडलेला असेपर्यंत तरंगत राही, आणि एकदा खाली टेकवला की मूळ चित्रात कायमचा मिसळून जाई. लेयर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. अनेक पायऱ्या मागे नेणारी हिस्टरीची पट्टी मात्र १९९८ मध्ये, पाचव्या आवृत्तीत आली. तोवर एकच पायरी मागे जाता येत असे. मधली चार वर्षे लोकांनी मागे फिरण्यासाठी भिस्त ठेवली ती लेयरवर. म्हणजे लेयर ही सजावटीची कला म्हणून वाढलेली नाही. चूक सुधारता यावी ही तिची मूळची उपयुक्तता आहे, आणि चूक सर्वांत जास्त नवशिक्याकडूनच होते.

आपल्या लेखमालेच्या दुसऱ्या भागात उजळपणा वाढवण्याची आज्ञा थेट छायाचित्रावर द्यायला सांगितले आहे. तिथे ॲडजस्टमेंट लेयर सांगितला असता तर किती बरे झाले असते. फोटोशॉपच्या १९९६च्या चौथ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. या लेयरमध्ये चित्र नसतेच, केवळ सूचना असते: खाली जे आहे ते इतके उजळ कर, तितके निळे कर. सूचना केव्हाही बदलता येते, तिलाही मास्क असतो, म्हणून चेहरा तेवढा उजळून मागची भिंत आहे तशी ठेवता येते. उलट थेट चित्रावर आधी उजळपणा वाढवला आणि पुन्हा कमी केला, तर २५५च्या वर ढकलल्या गेलेल्या उजळ छटा एकसारख्या पांढऱ्या होऊन बसतात आणि कमी करताना त्यांचा करडा, सपाट पट्टा होतो. ढगातले बारकावे परत येत नाहीत. हा फरक शेजारी-शेजारी दोन चित्रे छापून दाखवता येईल, आणि वाचकांना तो शब्दांपेक्षा लवकर पटेल.

जतन करण्याचा मुद्दा थोडक्यात मांडते, पण तो टाळू नये. जेपेगमध्ये लेयर राहत नाहीत आणि पारदर्शकताही राहत नाही. पीएनजीत पारदर्शकता राहते, लेयर नाहीत. म्हणून कामाची फाइल फोटोशॉपमध्ये पीएसडी आणि गिंपमध्ये एक्ससीएफ या प्रकारात ठेवायची, आणि पाठवण्या-छापण्यासाठी जेपेगची वेगळी प्रत काढायची. सगळे लेयर मिसळून एक करणारी ‘फ्लॅटन’ ही आज्ञा कामाच्या फाइलवर कधी देऊ नये, द्यायचीच असेल तर प्रतीवर द्यावी, हे मी फळ्यावर लिहून ठेवते.

लेयरने फाइल जड होते, साधा संगणक मंदावतो, हा आक्षेप खरा आहे आणि त्याचा हिशेब शिकणाऱ्याला दाखवावा. ६००० गुणिले ४००० बिंदूंच्या, म्हणजे २.४ कोटी बिंदूंच्या आठ बिटच्या छायाचित्राला, दाबण्यापूर्वी, ७.२ कोटी बाइट लागतात. त्याची प्रत नव्या लेयरवर घेतली की पुन्हा तेवढेच. पण ॲडजस्टमेंट लेयरच्या सूचनेला जवळपास काहीच जागा लागत नाही, त्याच्या मास्कला फार तर २.४ कोटी बाइट लागतात, आणि डाग काढण्याच्या कोऱ्या लेयरवर जेवढे रंगवले तेवढीच भर पडते. म्हणजे जड होते ते लेयरमुळे नव्हे, दर पायरीला अख्ख्या छायाचित्राची प्रत काढण्याच्या सवयीमुळे. लेयर नीट शिकवले तर ही सवय लागतच नाही.

दुसरा आक्षेप मी नेहमी ऐकते तो असा की आता फोनवर एका बोटाच्या स्पर्शाने पार्श्वभूमी निघते, डाग जातात, मग एवढे शिकायचे कशाला. त्या सोयी मी स्वतः वापरते. पार्श्वभूमी आपोआप काढली जाते तेव्हा बहुधा केसांची कड, चष्म्याची काच, बोटांमधली फट इथे चूक होते, आणि ती दुरुस्त करायला निघालेला मास्क हाताने रंगवावा लागतो. ज्याला मास्क येतो तो ती चूक पाच मिनिटांत काढतो. ज्याला येत नाही त्याला यंत्राने दिले तेच स्वीकारावे लागते. शिकलेल्या माणसाच्या हाती ही सोय फार उपयोगी पडते, म्हणून तर शिकावे.

लेखमालेत केवळ फोटोशॉपचाच उल्लेख येतो, त्याऐवजी मोफत मिळणाऱ्या गिंप आणि क्रिटा यांचाही यावा अशी विनंती आहे. लेयर, मास्क, ओपॅसिटी, ब्लेंड मोड या चारही गोष्टी त्यांतही आहेत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंपच्या ३.० या आवृत्तीत फिल्टर लेयरला जोडून ठेवता येतात आणि नंतर बदलता किंवा काढता येतात. कल्पना एकदा समजली की एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना केवळ आज्ञांच्या जागा शोधाव्या लागतात.

शब्दांविषयीही एक सांगावेसे वाटते. आपल्या लेखकांनी एका ठिकाणी ‘थर’, दुसऱ्या ठिकाणी ‘स्तर’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘पातळी’ असे शब्द वापरले आहेत. मराठी शब्दाविषयीची त्यांची ओढ मला मनापासून पटते, आणि समजावून सांगताना ‘थर’ हा शब्द फार चांगला आहे, कारण त्यात एकावर एक रचल्याचा अर्थ आहे. पण ‘पातळी’ हा शब्द उजळ-गडद छटा जुळवणाऱ्या ‘लेव्हल्स’ या वेगळ्याच आज्ञेशी गोंधळ करतो. सॉफ्टवेअर उघडल्यावर वाचकाला पडद्यावर ‘लेयर’ हाच शब्द दिसणार आहे. तेव्हा आज्ञेचे नाव म्हणून सगळीकडे ‘लेयर’ आणि अर्थ सांगताना ‘थर’, असा एकच नियम ठेवला तर शिकणारा अडखळणार नाही.

दोन छायाचित्रे जोडण्याचे तंत्र शिकवले जाईल तेव्हा त्याबरोबर एक शिस्तही शिकवली जावी, आणि ती सांगायला वर्तमानपत्राइतकी योग्य जागा दुसरी नाही. जोडून केलेले चित्र दुसऱ्याला देताना ते जोडलेले आहे असे त्याखाली लिहावे. मी माझ्या विद्यार्थ्यांना दुरुस्त केलेल्या जुन्या छायाचित्रांच्या बाबतीतही हे करायला लावते. घरच्यांना दुरुस्त प्रत द्यावी, बरोबर न बदललेली प्रतही द्यावी, आणि कोणता भाग नव्याने रंगवला ते सांगावे. लेयर असलेली फाइल जवळ असेल तर हे सांगणे सोपे जाते, कारण डोळ्याचे चिन्ह दाबून काय बदलले ते पुढ्यात दाखवता येते.

लेखमालेचे उरलेले भाग छापण्यापूर्वी एक भाग मध्ये घालता आला तर तो असा असावा असे मी सुचवते. एक साधे छायाचित्र घ्यावे. त्यावर एक कोरा लेयर घेऊन त्यावर एक डाग काढावा. त्यावर उजळपणाचा ॲडजस्टमेंट लेयर घेऊन त्याच्या मास्कवर काळ्या ब्रशने पार्श्वभूमी झाकावी. मग तिन्ही डोळे एकेक करून बंद-चालू करून पाहावेत, आणि पीएसडी म्हणून जतन करून, फाइल बंद करून पुन्हा उघडावी. दुसऱ्या दिवशी उघडल्यावरही सगळे सुटे-सुटे जागेवर असलेले पाहिले की शिकणाऱ्याला जो धीर येतो, तो घेऊन त्याने मागच्या भागांतले धडे पुन्हा करावेत. इतर सर्व भाग आपल्या क्रमाने चालू राहिले तरी हरकत नाही.

त्या भागासोबत लेयरच्या पट्टीचे चित्र मात्र मोठे छापावे. आतापर्यंतच्या भागांत ते इतके लहान आले आहे की मास्कभोवतीची चौकट भिंगानेही दिसत नाही.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक
(निवृत्त चित्रकला शिक्षिका)